आधी जाळी, मग पिल्लं: ठाण्या-नवी मुंबईत परसबाग आणि कोंबड्या सांभाळताना

ठाण्यात कोंबड्या पाळायच्या ठरल्या की एका रविवारी पिल्लं येतात, पुढच्या रविवारी खुराड्याची चौकशी सुरू होते आणि त्याच्या पुढच्या रविवारपर्यंत मुंगसाने काम उरकलेलं असतं. क्रम उलटा हवा. आधी जाळी, मग वाफे, आणि पिल्लं सगळ्यात शेवटी.

हा लेख अंगण असलेल्यांसाठी आहे. येऊरच्या पायथ्याची बैठी घरं, घोडबंदर रस्त्यालगतची ओवळे-कासारवडवलीसारखी गावठाणं, नवी मुंबईत घणसोली, गोठिवली, शहाबाज, दिवाळे. इमारतीतल्या मंडळींनी भाजीचा भाग जरूर वापरावा, पण कोंबड्यांच्या भानगडीत पडू नये. घर स्वतःचं असलं तरी शहरात पक्षी पाळण्याबाबत महापालिकेचं काय म्हणणं आहे ते ठाण्यात प्रभाग समितीत, नवी मुंबईत विभाग कार्यालयात आधी विचारून घ्या. शेजाऱ्यांनाही विचारा. कोंबड्या कुणाला फारशा खुपत नाहीत, तक्रार येते ती पहाटे चारला आरवणाऱ्या कोंबड्याची. अंड्यांसाठी कोंबडा लागतच नाही. पिल्लं काढायची नसतील तर चार-पाच तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्या आणि शांत झोपा.

पुढचं सगळं एका साखळीभोवती फिरतं, म्हणून ती आधीच सांगते. सांडलेल्या दाण्याला उंदीर आणि घुशी येतात. त्यांच्या मागे धामण येते, नाग येतो. फाटकाबाहेर टाकलेल्या खरकट्याला भटकी कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या वासाने बिबट्या खाली उतरतो. कोंबडी या सगळ्यांच्या वाटेत सापडते. दाणा आणि खरकटं आवरलं की निम्मा बंदोबस्त झाला. उरलेला निम्मा सुतारकाम आहे.

पहिले आठ दिवस काहीच आणू नका

आपल्याकडे रात्री कोण येतं हे बहुतेकांना माहीत नसतं. कुंपणाच्या कडेने, पाण्याच्या टाकीपाशी आणि जिथे खुराडं ठेवायचं मनात आहे तिथे चुलीची किंवा शेगडीची राख चाळून हातभर रुंद पट्टा पसरा. सकाळी झाडलोट करायच्या आधी बघा. चार बोटं आणि पुढे नखांचे ठिपके असले तर कुत्रा. चार बोटं, नखं नाहीत, ठसा गोलसर, तर मांजर. पाच बोटं आणि लांब नखांच्या रेघा दिसल्या तर बहुधा मुंगूस. घुशीचे ठसे बारीक असतात, मधून शेपटी ओढल्याची रेघ जाते, आणि आसपास तिने उकरलेल्या मातीचा ताजा ढीग सापडतो. मांजराच्याच घडणीचा पण कितीतरी मोठा ठसा दिसला तर राखेचा खेळ थांबवा आणि वनखात्याला कळवा. येऊरच्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यान घरांच्या भिंतीला भिडलंय. सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं ते जंगल आपण बांधलेल्या कुंपणापाशी संपतं असं बिबट्याला वाटत नाही.

नवी मुंबईच्या खाडीकडच्या गावांत बिबट्याची चिंता कमी, पण कांदळवनात कोल्हे आहेत आणि तेही कोंबडी सोडत नाहीत.

खुराडं

पाच कोंबड्यांना आत चार फूट बाय तीन फूट जागा ठेवा, म्हणजे एकीला दोन चौरस फुटांहून थोडी जास्त येते. खुराडं जमिनीपासून दीड-दोन फूट उंच, पायांवर उभं असावं, खालची जागा मोकळी आणि झाडता येण्याजोगी. तिथे विटा, फरशीचे तुकडे, जुन्या कुंड्या रचून ठेवण्याचा मोह फार होतो. रचल्या की त्यात साप राहायला आलाच म्हणून समजा.

जाळीवर पैसे वाचवू नका. बाजारात षटकोनी भोकांची जी पातळ जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, पण कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रं ती दातांनी फाडतं. अर्धा इंची चौकोनाची वेल्डेड जाळी घ्या. भोकं याहून मोठी असली तर लहान साप आत येतो, एखादं पिल्लू गिळतो आणि फुगलेल्या पोटामुळे बाहेर पडता न आल्याने सकाळी तुम्हाला आतच भेटतो. जाळी फळ्यांना बाहेरून ठोका, खिळ्यांऐवजी वॉशर लावून स्क्रूने पक्की करा. दिवसा कोंबड्या ज्या जाळीबंद आवारात राहतील त्याच्या तळाशी जाळी बाहेरच्या बाजूला एक फूट आडवी वळवून मातीखाली दाबा, वर विटांची ओळ ठेवा. उकरणारा प्राणी भिंतीला लागूनच उकरायला घेतो. पंजाखाली जाळी लागली की तो दुसरीकडे प्रयत्न करतो, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही.

दाराला साधी सरकती कडी नको. माकडं ती उघडतात. कुत्रीही नाक घालून ढकलतात. कडी लावून कोयंड्यात स्प्रिंगचा हुक अडकवा.

पावसाचा मारा आपल्याकडे नैर्ऋत्येकडून येतो. ती बाजू आणि पश्चिम फळीने पूर्ण बंद करा, उघडी जाळी पूर्व-उत्तरेला ठेवा. पत्र्याखाली वाऱ्यासाठी चार इंचांची फट सोडा आणि तिलाही जाळी मारा. मे महिन्यात पत्रा तापतो, वर नारळाच्या झावळ्या टाकल्या तर आत जाणवण्याइतका फरक पडतो. बसायची दांडी दीड-दोन इंच जाड, कडा गोल केलेली, एका कोंबडीला आठ-दहा इंच. अंडी घालायला फूटभर लांब-रुंद-उंच अशी एक पेटी पाच जणींना पुरते, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. दांडी पेटीपेक्षा उंच हवी, नाहीतर कोंबड्या पेटीतच झोपतात आणि अंडी बरबटतात.

खाली भाताचं तूस तीन इंच पसरा. पावसाळ्यात ते दर दोन दिवसांनी वरखाली करा, ओला झालेला भाग काढून टाका. तूस चांगलं आहे की नाही हे उभ्याने कळत नाही. खाली वाकून नाक कोंबडीच्या उंचीला आणा. डोळे चुरचुरले तर अमोनिया साठलाय आणि कोंबड्या रात्रभर तेच श्वासात घेतायत. ओल्या तुसातच रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. जुलैत पिल्लं मरतात त्यातली बरीचशी या ओलीपायी जातात, दोष मात्र दर वेळी थंडीवर जातो.

दाणा

पाच कोंबड्यांना दिवसाला पाचशे ते सहाशे ग्रॅम खाद्य लागतं, म्हणजे महिन्याला पंधरा ते अठरा किलो. हे पत्र्याच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. प्लॅस्टिकचा डबा घूस कुरतडते आणि गोणी म्हणजे तिला आवतणच. खाद्याचं भांडं कोंबडीच्या पाठीच्या उंचीला टांगा. जमिनीवर ठेवलं की त्या पायाने उधळतात. सकाळी द्याल ते संध्याकाळपर्यंत संपेल एवढंच घाला, आणि दिवेलागणीला भांडं उचलून घरात न्या. हा शेवटचा भाग लोक टाळतात. रात्री खुराड्यात दाणा नसला की उंदराला यायचं कारणच उरत नाही.

उंदीर झालेच तर पिंजरा किंवा चाप लावा. विष अजिबात नको. विष खाऊन झिंगलेला उंदीर गव्हाणी घुबड किंवा पिंगळा उचलतो आणि तोही मरतो. एक घुबडाची जोडी पिल्लं वाढवताना जितके उंदीर संपवते तितके आपण वर्षभरात पकडत नाही.

पिल्लांना स्टार्टर, पुढे ग्रोअर, आणि अंडी सुरू झाल्यावरच लेयर खाद्य. लेयर खाद्यात कॅल्शियम भरपूर असतं, ते लहान पक्ष्याच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. सोबत कणी, बाजरी, मक्याची भरड चालते. घरचं उरलेलंही चालतं, पण खारट नको, तळकट नको, बुरशी आलेलं तर मुळीच नको. कच्चे वाल, कच्चा राजमा आणि हिरवट बटाट्याच्या साली त्यांना घालू नका.

अंड्याचं कवच पातळ होऊ लागलं तर बाजारातून काही आणायची गरज नाही. आपल्याकडे घरोघरी तिसऱ्या होतात. त्यांची शिंपलं धुऊन दोन-तीन उन्हं दाखवा, मग जुन्या पाट्यावर किंवा गोणपाटात घालून हातोडीने फोडा. तुकडे ज्वारीच्या दाण्याएवढे ठेवा, पीठ करू नका. मोठा तुकडा पेषणीत रेंगाळून हळूहळू विरघळतो आणि कवच बनतं रात्री, तेव्हा तो उपयोगी पडतो. वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवं ती खाते. मीठ न लावलेला जवळाही मूठभर देता येतो, पिसं झडायच्या दिवसांत विशेष. आमच्या शेजारच्या आगरी मावशींचा एकच इशारा असतो, "जास्ती नको देऊ गो, अंड्याला मासळीचा वास येतो." खरं आहे ते.

कोंबड्या आणताना

गावठी कोंबडी वर्षाला साठ-ऐंशी अंडी देते, पण चपळ असते, घार दिसली की झुडपात घुसते, खुडुक बसून पिल्लंही काढते. गिरिराज किंवा वनराज अंडी जास्त देतात, अंगाने जड असतात आणि धोका आला तर पळण्यात मंद. जंगलाच्या कडेला मी गावठीच सुचवेन. कडकनाथचं कौतुक खूप होतं, त्याच्या किमतीला साजेसा फायदा पाच कोंबड्यांच्या परसात दिसत नाही.

एक दिवसाची पिल्लं घेण्यापेक्षा तीन-चार महिन्यांच्या, लसीकरण झालेल्या तलंगा घ्या. पिल्लंच घ्यायची असतील तर पहिल्या आठवड्यात त्यांना ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी कमी करत जायची. थर्मामीटर नसला तरी पिल्लंच सांगतात. बल्बखाली गर्दी केली तर थंडी वाजतेय, कडेला पांगून चोच उघडी टाकली तर उकडतंय.

मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा परसातल्या कोंबड्यांचा खरा काळ. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौदाव्या दिवशी गंबोरो या दुसऱ्या रोगाची लस, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा, आठव्या आठवड्यात राणीखेतसाठीच आर-टू-बी लसीचं इंजेक्शन. देवीची लस सहाव्या ते आठव्या आठवड्याच्या सुमारास. अडचण अशी की कुपी शंभर किंवा जास्त मात्रांची येते, बर्फातच आणावी लागते आणि एकदा विरघळवली की दोनेक तासांत संपवावी लागते. त्यामुळे गल्लीतल्या, पाड्यावरच्या कोंबड्यावाल्यांनी एक दिवस ठरवून पशुवैद्यकीय दवाखान्यातून एकच कुपी आणायची, हा व्यवहार्य मार्ग आहे.

आठवडी बाजारातून आणलेला पक्षी निदान दोन आठवडे वेगळा ठेवा. त्याचं पाण्याचं भांडं वेगळं, आणि त्याचं काम रोज सगळ्यात शेवटी.

मांडव आणि वाफे

कोंबड्यांचं आवार आणि वेलांचा मांडव एकावर एक करा. साडेसहा फूट उंचीचा बांबूचा मांडव, त्यावर दुधी, दोडका, पडवळ, कारलं. खाली कोंबड्यांना सावली मिळते, घारीला आणि शिक्र्याला वरून झेप घेता येत नाही, आणि पिकलेलं, किडलेलं पान-फळ खाली पडतं ते त्या खातात. वेलांची आळी मात्र जाळीच्या बाहेर हवीत. आत लावलीत तर दोन दिवसांत मुळं उघडी पडतील.

आळं दीड फूट लांब-रुंद-खोल. निम्मी माती, निम्मं कुजलेलं खत, तळाशी सुका पाला. बी रात्रभर भिजवून मेच्या शेवटी किंवा मृगाच्या आसपास, एका आळ्यात तीन बिया, पुढे दोनच रोपं ठेवायची. दुधी-दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्या वेळी मधमाश्या घरी गेलेल्या असतात. फळ बोटाएवढं होऊन पिवळं पडून गळत असेल तर दिवेलागणीला नर फूल तोडून मादी फुलाच्या मध्यावर हलकेच फिरवा. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी असतो, ओळखायला सोपं. कारलं आणि काकडी सकाळी उमलतात, त्यांची सोय मधमाश्या बघतात. फळाला बारीक भोक आणि आत अळ्या दिसल्या तर ती फळमाशी. वेलवर्गाच्या माशीसाठी क्यू-ल्यूरचा सापळा मागून घ्या. आंब्याच्या माशीचा सापळा वेगळा असतो, दुकानदार तो खपवायला बघतात.

इतर भाज्यांना गादीवाफे करा, तीन फूट रुंद आणि निदान फूटभर उंच. २४ तासांत २०४.५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला की हवामान खातं त्याला सर्वांत वरच्या श्रेणीत टाकतं. तसा एखादा दिवस आपल्या पट्ट्यात दर एक-दोन वर्षांनी उगवतोच, आणि त्या दिवशी सपाट वाफ्यातली मिरची उभ्या उभ्या कुजते. डोंगराकडच्या मुरमाड मातीत पाणी टिकत नाही, तिथे पालापाचोळ्याचं आच्छादन जास्त लागेल. नवी मुंबईत खाडीच्या बाजूला पंचाईत वेगळी. भराव टाकलेल्या जमिनीत वीतभर खाली रॅबिट, म्हणजे बांधकामाचा राडारोडा, लागतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये मातीवर पांढरा थर धरतो तो खाडीचा खार. तिथे दीड फूट उंच वाफे बांधून वरून आणलेली लाल माती आणि खत भरणं हाच सरळ उपाय.

पावसाळ्यात पालेभाज्यांचा हट्ट धरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये टाकळा, कुर्डू, फोडशी, कर्टोली घेऊन येऊरच्या पाड्यांवरच्या बायका बाजारात बसतात, त्यांच्याकडून घ्या. आपल्या वाफ्यात भेंडी आणि मिरची, ओल्या कोपऱ्यात अळू, सावलीत सुरण-हळद. टोमॅटो-वांग्याची रोपं सप्टेंबरमध्ये आडोशाला तयार करा, पाऊस परतला की लावा. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मेथी, पालक, मुळा, कोथिंबीर, नवलकोल हवं ते येतं, त्यावर जास्त सांगण्यासारखं नाही. मार्चनंतर लाल माठ आणि चवळी, त्यावर हिरवी सावलीची जाळी.

वाफ्यांभोवती कामट्यांचं तीन फुटी कुंपण लागेलच. कोंबडी रोप खाते त्याहून जास्त उकरते, आणि ताज्या वाफ्याची भुसभुशीत माती तिला फार प्रिय. पीक निघालं की मात्र तिला मुद्दाम आठवडाभर वाफ्यात सोडा. किडींचे कोष, तणाचं बी, नाकतोडे सगळं वेचून घेते.

मोकळं सोडायची वेळ दुपारी साडेतीन-चार. बहुतेक अंडी दुपारपर्यंत घालून झालेली असतात, त्यामुळे ती पेटीतच मिळतात, जास्वंदीच्या बुंध्याशी शोधत फिरावं लागत नाही. अंधार पडायच्या अर्धा तास आधी डब्यात मूठभर दाणे वाजवले की सगळ्या धावत येतात. मोजा, आणि दार लावा. माणूस अंगणात नसेल तर त्यांना सोडूच नका. मुंगूस भर दिवसा येतं आणि एकीवर थांबत नाही.

खत

कोंबडीची विष्ठा ताजी घातली तर रोप करपतं, नत्र फार तीव्र असतं. तुसासकट ती काढून एक घमेलं विष्ठेला तीन घमेली सुका पाला या मापाने ढीग लावा, ओलसर ठेवा, दर पंधरा दिवसांनी वरखाली करा. तीन महिन्यांनी ते कुजून काळं होतं. पावसात वरून ताडपत्री. कोथिंबीर-मुळ्यासारखं कच्चं खायच्या भाजीला मात्र चार महिन्यांच्या आतलं खत नको, पोटाचे जंतू त्यात राहतात. ढिगाच्या उबेत साप अंडी घालतात, म्हणून फावडं मारण्याआधी लांब काठीने ढीग हलवून बघायचा.

चिखलात काम करताना गमबूट घाला. उंदरांच्या मुतामुळे लेप्टो होतो आणि पायाला भेग असली तरी तेवढी वाट त्याला पुरते. पक्ष्यांची पाण्याची भांडी, कुंड्यांच्या बशा आठवड्यातून एकदा पूर्ण कोरड्या करा, नाहीतर तुमच्या अंगणातले डास आख्ख्या आळीला पुरतील.

पाहुणे

माकडांपासून सुरुवात करू, कारण भाजीचं सगळ्यात जास्त नुकसान तीच करतात. येऊरला रविवारी फिरायला येणारे लोक त्यांना वेफर्स आणि केळी देतात, उरलेले सहा दिवस ती आपल्या अंगणात तेच शोधत येतात. एकदाही खायला घालू नका, आणि घालणाऱ्या शेजाऱ्याशी भांडण होईल इतकं बोला. डोळ्यात डोळे घालून बघायचं नाही, हातात पिशवी धरून समोर जायचं नाही. भेंडी, टोमॅटो, वांगी, पपई घराच्या भिंतीलगत किंवा जाळीखाली लावा. कुंपणाच्या कडेला हळद, आलं, अळू, सुरण, गवती चहा, कारलं लावा, त्यांना ती सहसा तोंड लावत नाहीत. मिरची खात नाहीत, पण कंटाळा आला तर उपटून फेकतात.

पक्ष्यांसाठी बाजारात मिळणारी नायलॉनची ढिली जाळी वाफ्यांवर टाकू नका. धामण तीत शिरते, मध्येच अडकते, सुटायच्या धडपडीत दोरा कातडीत रुततो आणि दुपारपर्यंत उन्हात मरते. वटवाघळं आणि घुबडंही अशीच सापडतात. टाकायचीच तर बांबूच्या चौकटीवर ताणून, जमिनीपासून फूटभर वर. पोपट, बुलबुल, खारी थोडंफार नेणारच. शिंपी पक्षी वांग्याची किंवा दुधीची पानं शिवून घरटं करतो. ते पान किडलेलं वाटून खुडायच्या आधी मागून बघा, टाके दिसतील.

भारद्वाजाचं दर्शन शुभ मानतात. बागेपुरतं ते खरंही आहे, कारण आफ्रिकन गोगलगाय खाणारा तो मोजक्या पक्ष्यांपैकी एक. अंडी आणि लहान पिल्लंही त्याला आवडतात, त्यामुळे ती उघड्यावर असतील तर शकुन त्याचा असतो. गोगलगायी पावसाळ्यात रात्री बाहेर पडतात. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून त्याखाली पपईची पानं टाका, सकाळी हातमोजे घालून गोळा करा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत सोडा. उघड्या हाताने धरू नका, त्यांच्यात मेंदूज्वर करणारा जंत असू शकतो. वाफ्यावर मीठ भुरभुरवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, माती नासते.

सापांमध्ये धामण आणि दिवड सगळ्यात जास्त दिसतात, दोन्ही बिनविषारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं हे चारही विषारी साप आपल्या भागात आहेत. खुराड्यात साप दिसला तर दार उघडून मागे या, कोंबड्या आपसूक बाहेर येतात. काठी घेऊन आत शिरू नका. एकाने लांबून नजर ठेवायची, दुसऱ्याने वनखात्याच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करायचा. अंडी काढताना पेटीत हात घालण्याआधी टॉर्च मारायची सवय मुलांनाही लावा. चावलाच तर करकचून बांधणं, कापणं, चोखणं काहीही नको. हात-पाय हलणार नाही असा आधार द्या, अंगठी-बांगड्या काढा आणि थेट मोठ्या सरकारी किंवा महापालिका रुग्णालयात न्या. ठाण्यात कळव्याचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय जवळ पडतं. मण्यारीचा दंश दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. पहाटे पोटात दुखतंय, पापण्या जड झाल्यायत असं कुणी म्हणालं आणि तो जमिनीवर झोपला असेल तर वाट बघू नका.

घोरपड आणि मुंगूस अंडी चोरतात. दोघांनाही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं कवच आहे. मारणं तर गुन्हाच, पण पकडून दुसरीकडे सोडून येणंही आपल्या अधिकारात नाही. जाळी दुरुस्त करणं एवढंच आपल्या हाती. रात्री पत्र्यावर जड पावलं वाजली आणि सकाळी पिकलेली पपई पोखरलेली दिसली तर ते उदमांजर. बंद खुराड्याला त्याचा त्रास नाही.

बिबट्याबाबत नियम थोडे आणि कडक. खुराडं घराला लागून, उजेडात. भोवती दहा-पंधरा फूट झाडोरा वाढू द्यायचा नाही. कुत्रं रात्री बाहेर बांधायचं नाही, ते राखण करत नाही, ते आमिष होतं. कोंबडीची पिसं-आतडी, मासळीची घाण कुंपणाबाहेर फेकायची नाही. अंधार पडल्यावर मुलांना मागच्या अंगणात एकटं पाठवायचं नाही. दिसलाच तर घरात या, १९२६ ला कळवा, आणि बघ्यांची गर्दी जमवू नका. त्याला जायला वाट मिळाली की तो जातो.

थंडीत एक वेगळी काळजी

ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. फ्लेमिंगोंसोबत हिवाळ्यात स्थलांतरित बदकं आणि चिखलपक्षी हजारोंनी येतात. बर्ड फ्लूचा विषाणू अशा पाणपक्ष्यांबरोबर प्रवास करतो. भारतात तो २००६ मध्ये पहिल्यांदा नंदुरबारच्या नवापुरात आढळला. आपल्या आसपास फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यात आणि जानेवारी २०२५ मध्ये उरणच्या चिरनेरला निघाला. ऑक्टोबर ते मार्च कोंबड्या खाडीकाठी, डबक्यांपाशी सोडू नका. पाण्याचं भांडं छपराखाली ठेवा म्हणजे कावळे-बगळे त्यात चोच घालणार नाहीत. एकाएकी दोन-तीन पक्षी मेले, तुरा निळसर पडला, तोंड सुजलं, तर मेलेला पक्षी कापू नका, कुणाला देऊ नका, गुपचूप पुरू नका. पशुसंवर्धन विभागाला १९६२ वर कळवा. रोग ठरला तर एक किलोमीटरच्या परिघातले पक्षी नष्ट करतात. लपवलं तर तो परीघ शेजारच्या पाड्यांपर्यंत सरकतो. नीट शिजवलेलं अंडं किंवा कोंबडीचं मटण खायला हरकत नसते.

गावाला जाताना

गणपतीला कोकणात चार दिवस जायचं म्हटलं की खरी परीक्षा. कोंबड्यांना दाणा-पाणी दोन दिवसांचं एकदम ठेवता येतं, असं लोक सांगतात, पण तो दाणा रात्री उंदरांचा होतो. त्यापेक्षा शेजारचं एक माणूस ठरवा, ज्याच्या घरी त्या दिवसांत कुणीतरी असणारच. त्याला दोनच कामं सांगा: सकाळी मापाने एक वाटा दाणा आणि ताजं पाणी, संध्याकाळी भांडं उचलून कडी आणि हुक. त्या दिवसांत कोंबड्या आवारातच राहतील, मोकळ्या सोडायच्या नाहीत. दाण्याचे वाटे आधीच पुड्या बांधून डब्यात ठेवा, अंदाजावर सोडू नका. मांडवावरचा तयार दुधी आणि भेंडी त्यांनीच तोडायची असं बजावून सांगा, नाहीतर संकोचाने वेलावरच जून होतात. चार दिवसांची अंडीही त्यांचीच. परत आल्यावर खुराड्यात शिरण्याआधी प्रवासातल्या चपला बाहेर काढा, वाटेत कुणाच्या कोंबड्यांत पाय पडले असतील ते सांगता येत नाही.